ऑप-अ‍ॅम्पचा शून्य कुठे असतो? सिंगल आणि ड्युअल सप्लायची जोडणी, पायरी-पायरीने

डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत ७४१ शी, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या ऑप-अ‍ॅम्प (ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर) आयसीशी, पहिली गाठ पडते ती ट्रेनर किटवर. किटवर +१५, ० आणि −१५ अशी तीन सॉकेटं तयारच असतात; वायरी खोचल्या की साइन वेव्ह हजर. मग तोच विद्यार्थी घरी काहीतरी बनवायला बसतो. हाताशी असते नऊ व्होल्टची एक बॅटरी, फार तर जुन्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर. आणि पहिलाच प्रश्न पडतो: आता उणे पंधरा आणायचे कुठून?

उत्तर शोधण्याआधी आयसीचे पाय मोजा. ७४१ च्या आठ पायांपैकी ७ वर अधिक, ४ वर उणे, २ आणि ३ इनपुट, ६ आउटपुट, १ आणि ५ ऑफसेट नल, ८ रिकामा. ग्राउंडचा पाय नाहीच. ±१५ दिले काय किंवा ० आणि ३० दिले काय, आयसीला त्यातला फरक कळायला मार्गच नाही. ७ आणि ४ मध्ये ३० व्होल्ट आहेत एवढंच तिला जाणवतं. शून्य आपण ठरवायचा असतो. आणि ठरवला की त्या शून्यात जाणारा-येणारा करंट सांभाळायचीही जबाबदारी आपलीच. सिंगल सप्लायवर मी ज्या काही चुका केल्या आणि पाहिल्या, त्यातल्या बहुतेक या दुसऱ्या वाक्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाल्या.

मग काही ऑप-अ‍ॅम्पना ‘सिंगल सप्लायचे’ का म्हणतात? एलएम३५८ चं उदाहरण घ्या. डेटाशीटमध्ये त्याच्या ४ नंबरच्या पायाला ग्राउंड म्हटलेलं सापडेल, पण तोही फक्त उणे रेलचाच (सप्लायच्या उणे टोकाचाच) पाय आहे. तिथे −१२ जोडा, ८ वर +१२ द्या, बिनतक्रार चालतो. त्याचं वेगळेपण इतकंच की त्याचे इनपुट थेट उणे रेलपर्यंत उतरले तरी काम करतात. १९६८ साली फेअरचाइल्डने आणलेल्या ७४१ ला ते जमत नाही. नॅशनल सेमीकंडक्टरचा एलएम३२४, म्हणजे ३५८ चा चार-ऑप-अ‍ॅम्पवाला भाऊ, १९७२ साली आला तो हीच अडचण सोडवायला.

आधी कागद, मग सोल्डर

सर्किट हातात घेण्याआधी सिग्नलबद्दल तीन गोष्टी लिहून काढा. सर्वात खाली किती जातो, सर्वात वर किती जातो, आणि त्यातला डीसी, म्हणजे स्थिर, भाग तुम्हाला हवा आहे का.

आवाजाच्या सिग्नलला डीसी नको असतो. त्यामुळे कपॅसिटर टाकून तो हव्या त्या व्होल्टेजवर उचलून बसवता येतो, आणि एका सप्लायवर निवांत भागतं. तापमान, वजन, बॅटरीचा करंट अशा सिग्नलमध्ये डीसी हेच तर मोजायचं असतं, तिथे कपॅसिटर चालणार नाही. असा सिग्नल शून्यापासून फक्त वर जात असेल तर ३५८ सारखा ऑप-अ‍ॅम्प एका सप्लायवर पुरतो. शून्याच्या खाली-वर दोन्हीकडे जात असेल आणि तोही अचूक हवा असेल, तर खरा उणे सप्लाय बनवण्याचा त्रास घ्यावा. कृत्रिम शून्याचा मधला मार्ग आहे, पण तो नेहमी स्वस्त पडतोच असं नाही.

मग आयसी निवडा. दोन गोष्टी पाहायच्या: इनपुट रेलच्या किती जवळ जाऊ शकतो, आणि आउटपुट किती जवळ जाऊ शकतो. ७४१ ला इनपुटकडे दोन्ही बाजूंनी दोन-तीन व्होल्ट मोकळे लागतात, आउटपुटलाही एक-दोन व्होल्ट. म्हणजे ९ व्होल्टवर त्याच्या वाट्याला मधले चारेक व्होल्ट उरतात आणि ५ व्होल्टवर काहीच नाही. अर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या पाच व्होल्टवर ७४१ लावून ‘आयसी खराब निघाली’ म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. ३५८ ला ३ ते ३२ व्होल्ट चालतात. इनपुट शून्यापर्यंत, पण वरच्या बाजूला इनपुट आणि आउटपुट दोन्हींना सुमारे दीड व्होल्ट सोडावे लागतात. टीएल०७२ आवाजासाठी छान, पण उणे रेलजवळ त्याचा इनपुट नेला तर आउटपुट उलट्या दिशेला उडी मारतो. खाली जायच्या जागी वरच्या रेलला चिकटतो. त्याला मधोमध बसवा, कडेला नेऊ नका. एमसीपी६००२ इनपुट-आउटपुट दोन्हीकडे रेल-टू-रेल आहे, पण त्याची मर्यादा १.८ ते ६ व्होल्ट. नऊ व्होल्ट दिलेत की गेला.

ड्युअल सप्लाय: घरचा ±१२

१२-०-१२ चा सेंटर-टॅप ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन मोठे कपॅसिटर, आणि +१२ व −१२ देणारे रेग्युलेटर ७८१२ आणि ७९१२. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका दुकानात मिळतं. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर म्हणजे तुमचा शून्य. ब्रिजच्या अधिक टोकापासून मधल्या वायरीपर्यंत एक २२०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि मधल्या वायरीपासून ब्रिजच्या उणे टोकापर्यंत दुसरा. दुसऱ्याची अधिक बाजू मधल्या वायरीकडे येते. हाच उलटा लागतो आणि फुटतो.

हिशोब असा: १२ गुणिले १.४१ म्हणजे सुमारे १७, त्यातून एका डायोडचे ०.७ वजा, राहिले १६.३ व्होल्ट. लोड नसताना हे आणखी वर जातात, म्हणून कपॅसिटर ३५ व्होल्टचे घ्या. ७८१२ ला इनपुटवर साधारण १४ व्होल्ट लागतात. शहरात हे जमून जातं. पण जिथे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की लाइन १९० वर येते, तिथे १६.३ चे १३.३ होतात आणि रेग्युलेटर हात टेकतो. स्पीकरमध्ये १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येऊ लागते. अशा गावी सरळ १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर आणा.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. ७८१२ आणि ७९१२ दिसायला जुळे, पण पाय वेगळे. छापील बाजू समोर धरून डावीकडून ७८१२ चे इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ चे मात्र ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७८१२ चा धातूचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो, तर ७९१२ चा उणे इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या पातळ चकतीशिवाय कसले, की उणे बाजू ग्राउंडशी शॉर्ट. मी हे एकदा केलं आहे. ट्रान्सफॉर्मर इतका तापला की त्याच्या वार्निशचा वास घरभर दोन दिवस होता.

दोन्ही रेग्युलेटरच्या आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत एकेक १एन४००१ डायोड उलट दिशेने लावा. एक बाजू आधी आणि दुसरी उशिरा चालू झाली तर मागे पडलेल्या रेग्युलेटरचं आउटपुट विरुद्ध दिशेला ओढलं जातं आणि तो सुरूच होत नाही. डायोड हे टाळतात. ७९१२ च्या आउटपुटवर कपॅसिटर हवाच, नाहीतर तो ऑसिलेट होतो (आउटपुट आपोआप वर-खाली हलत राहतं). साधा २५ ते ४७ मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक पुरतो. प्रायमरीला फ्यूज आणि २३० च्या सगळ्या जोडांवर स्लीव्ह, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

ट्रान्सफॉर्मर नको असेल तर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मधला जोड म्हणजे शून्य. इथे स्विच दोन पोलचा हवा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकदम बंद होतील. एकच बॅटरी तोडली तर ऑप-अ‍ॅम्प उरलेल्या रेलला चिकटतो आणि पुढच्या स्पीकरला सगळा डीसी मिळतो. दोन अ‍ॅडॉप्टरही असेच जोडता येतात, पण ज्यांच्या डीसी बाजूच्या उण्याला आतून अर्थिंग जोडलेलं असतं असे दोन घेतलेत तर एक अ‍ॅडॉप्टर शॉर्ट होईल.

थोडाच करंट हवा असेल तर आयसीएल७६६० ही छोटी चिप १० मायक्रोफॅरॅडच्या दोन कपॅसिटरांवर +५ चे −५ करून देते. तिचा आतला रोध ५५ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे २० मिलिअँपिअर ओढले की १.१ व्होल्ट गेलेच. एक-दोन ऑप-अ‍ॅम्पपुरती ठीक.

सिंगल सप्लायवर आवाज: मायक्रोफोनचा प्री-अ‍ॅम्प

नऊ व्होल्ट, एलएम३५८ आणि दोन पायांचा इलेक्ट्रेट माइक. हे सर्किट एकदा समजून बांधलं की बाकीची आपोआप सुटतात.

आधी कृत्रिम शून्य बनवू. ९ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० केचे (के म्हणजे किलो-ओहम) दोन रेझिस्टर सिरीजमध्ये. मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट मिळतात. त्या बिंदूपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. हा कपॅसिटर गाळू नका. तो नसेल तर अ‍ॅडॉप्टरचा निम्मा रिपल (डीसीवर उरलेली लहर) त्या बिंदूवर उतरतो, त्यातला काही भाग इनपुटवर पोचतो आणि सिग्नलबरोबर तोही मोठा होतो. माइकचा सिग्नलच मुळात काही मिलिव्होल्टांचा, त्यात ही भर. कपॅसिटर लावल्यावर ०.७ हर्ट्झच्या वरचं सगळं दबत जातं. १०० हर्ट्झचा रिपल आणखी दीडशे पटीने कमी होतो. बॅटरीवर चालवायचं असेल तर रेझिस्टर १०० केचे घ्या, कपॅसिटर १० चा. रेझिस्टरांची ही जोडी, म्हणजे डिव्हायडर, मग फक्त ४५ मायक्रोअँपिअर खाते.

आता ४.५ च्या बिंदूपासून १०० केचा रेझिस्टर पाय ३ वर. माइकचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून त्याच पायावर. या दोघांची खालची मर्यादा १६ हर्ट्झ येते, बोलण्या-गाण्याला भरपूर. माइकला त्याचा करंट देण्यासाठी वेगळा १० केचा रेझिस्टर ९ व्होल्टकडून; शक्य असल्यास तो दोन तुकड्यांत विभागून मधे आणखी एक कपॅसिटर ग्राउंडला टाका, कारण सप्लायमधला गोंगाट आत घुसायला हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे.

पाय १ आणि २ च्या मध्ये ४७ के. पाय २ पासून १ के, आणि त्यापुढे १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ग्राउंडला, त्याची अधिक बाजू रेझिस्टरकडे. हा कपॅसिटर म्हणजे या सर्किटचा जीव. त्याच्यामुळे आवाजाला गेन (सिग्नल किती पट होतो ते) ४८ मिळतो पण डीसीला फक्त १, म्हणून आउटपुट शांतपणे ४.५ वर बसतं. ±१५ च्या सर्किटचा नकाशा जसाच्या तसा उचलून १ के थेट ग्राउंडला जोडला, तर ४.५ व्होल्टचेही ४८ पट व्हायला जातात. आउटपुट वरच्या रेलला आपटून तिथेच राहतं. आउटपुट साडेसातला अडकून बसलं असेल तर सर्वात आधी हाच कपॅसिटर तपासा.

आउटपुटकडून १० मायक्रोफॅरॅडमधून पुढच्या सर्किटला, आणि कपॅसिटरनंतर १०० के ग्राउंडला, नाहीतर प्लग जोडताना ठक्क आवाज येईल. चालू करताना एक ठक्क येणारच, कारण सगळे कपॅसिटर त्या वेळी भरत असतात. ड्युअल सप्लायवर हे दुखणं जवळजवळ नसतं.

३५८ ची एक खोड इथे दिसते. आउटपुटचा करंट देण्यावरून घेण्यावर जाताना तो क्षणभर अडखळतो आणि आवाजात बारीक खरखर येते. उपाय एका रेझिस्टरचा: पाय १ पासून ग्राउंडला ४.७ के. त्यातून कायम एक मिलिअँपिअर वाहतो, आउटपुट नेहमी करंट देतच राहतं आणि अडखळण्याची वेळ येत नाही. गेन ४८ च्या फार वर नेऊ नका; या आयसीची बँडविड्थ एका मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ४८ ला वरची मर्यादा वीसेक किलोहर्ट्झ, आणि १०० ला निम्मी. जास्त हवा असेल तर दोन टप्पे करा.

दुसरा ऑप-अ‍ॅम्प वापरायचा नसेल तर तो उघडा सोडू नका. पाय ६ आणि ७ जोडा, पाय ५ ला ४.५ व्होल्ट द्या. उघडा सोडला तर तो रेलला आपटत राहतो, कधी शेजाऱ्यालाही त्रास देतो.

कृत्रिम शून्याला बफर कधी लागतो

वरच्या सर्किटमध्ये ४.५ च्या बिंदूतून जवळजवळ काहीच वाहत नव्हतं, म्हणून नुसता डिव्हायडर चालला. टोन कंट्रोल, फिल्टर किंवा मिक्सर आला, की चार-पाच ठिकाणचे रेझिस्टर शून्याला जोडलेले असतात आणि सिग्नलचा करंट तिथून ये-जा करतो. १०० केच्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर म्हणजे ५० के मागे असलेला शून्य. सिग्नलबरोबर तो स्वतःच हलायला लागतो, एका टप्प्याचा आवाज दुसऱ्यात शिरतो, आणि खालच्या स्वरांना गेन भलताच येतो.

अशा वेळी रिकामा ऑप-अ‍ॅम्प फॉलोअर, म्हणजे गेन १ चा बफर, म्हणून लावा: डिव्हायडर पाय ५ वर, ६ आणि ७ जोडलेले, आणि पाय ७ म्हणजे नवा शून्य. फिल्टरचा कपॅसिटर डिव्हायडरवरच ठेवा. ‘आणखी स्वच्छ होईल’ म्हणून पाय ७ वर थेट १०० मायक्रोफॅरॅड लावला की बफर ऑसिलेट होऊ शकतो. लावायचाच असेल तर मधे ४७ ते १०० ओहम घाला. तयार चिपही मिळते, टीएलई२४२६; तीन पाय, ४ ते ४० व्होल्ट इनपुट, मधोमध शून्य, २० मिलिअँपिअरपर्यंत. पण स्पीकर किंवा रिलेचा करंट या शून्यात सोडू नका. त्यांना खऱ्या ग्राउंडकडेच न्या.

डीसी सिग्नल: चंद्रपूरचा थर्मामीटर

एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. अर्डुइनोवर नीट वाचता यावा म्हणून ३५८ ने दहा पट करायचा, दर अंशाला १०० मिलिव्होल्ट. सप्लाय ५ व्होल्ट. पुण्यात डिसेंबरात बनवलं, झकास चाललं. मे महिन्यात चंद्रपूरला नेलं तर आकडा ३५ वर अडकला आणि बाहेर माणसं ४५ मध्ये भाजतायत. चूक कोडमध्ये नाही. ५ मधून दीड वजा केले की आउटपुटला राहतात साडेतीन व्होल्ट, म्हणजेच ३५ अंश.

तीन वाटा आहेत. गेन कमी करा: ४७ के आणि १० केने ५.७ येतो, मग साडेतीन व्होल्टमध्ये ६० अंशांच्या वर जागा मिळते. किंवा एमसीपी६००२ लावा, तो पाच व्होल्टच्या अगदी जवळ जातो, दहाच्या गेनलाही जवळपास ५० अंशांपर्यंत दाखवतो. किंवा ३५८ ला १२ व्होल्ट द्या, पण मग बिघाड झाला तर आउटपुट दहा व्होल्टपर्यंत जाऊन अर्डुइनोचा पाय जाळेल, म्हणून मधे १० केचा रेझिस्टर आणि पाच व्होल्टकडे एक शॉट्की डायोड हवा. मी पहिली वाट घेतो.

खालच्या टोकालाही बघा. ३५८ चं आउटपुट शून्याच्या काही मिलिव्होल्ट जवळ जातं, पण तिथे तो फक्त पन्नासेक मायक्रोअँपिअर खाली ओढू शकतो. आउटपुटपासून ग्राउंडला १० के लावला की तो रेझिस्टर त्याला मदत करतो. वरून कोणी करंट ढकलत असेल तर मात्र आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या वरच लटकेल. शिवाय ३५८ चा स्वतःचा ऑफसेट (इनपुटवरची जन्मजात चूक) ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. इथे त्याचा अर्थ ०.७ अंशाची चूक. चांगल्या थर्मामीटरशी एकदा जुळवून घ्या.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ती पहाट मोजायची असेल तर? साध्या जोडणीत एलएम३५ दोन अंशांच्या खाली जातच नाही, ऑप-अ‍ॅम्प कुठलाही लावा. त्याच्या आउटपुटला उणे सप्लायकडे ओढणारा रेझिस्टर लागतो, ५० मायक्रोअँपिअरचा. −५ असेल तर १०० केचा. मग पुढचा ऑप-अ‍ॅम्पही ±५ वर हवा, कारण एका सप्लायवर त्याचं आउटपुट शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. इथे ७६६० चे पैसे वसूल होतात.

आयसी बसवण्याआधी आणि नंतर

सॉकेट वापरा. आयसी न बसवता सप्लाय चालू करा आणि मल्टिमीटरने पाय ८ आणि ४ मधलं व्होल्टेज पाहा. ड्युअलमध्ये प्रत्येक रेल ग्राउंडच्या तुलनेतही वेगळी मोजा. मग कृत्रिम शून्य निम्म्यावर आहे का ते. बंद करा, आयसी बसवा, इनपुट न देता आउटपुट मोजा: सिंगलमध्ये निम्मं, ड्युअलमध्ये शून्याजवळ. तिथून सरकलेलं असेल तर सिग्नल लावायची घाई नको. प्रत्येक रेलपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर आयसीच्या पायांना जवळजवळ टेकूनच हवा. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावलेला असून नसल्यासारखा.

शेवटी ऑसिलोस्कोप. त्याची काळी क्लिप आतून भिंतीच्या अर्थिंगला जोडलेली असते. तुमचं सर्किट अर्थिंग असलेल्या कॉम्प्युटरच्या यूएसबीवर चालत असेल, तर सर्किटचं ग्राउंडही तिथेच गेलेलं असतं. अशा वेळी ‘शून्य तर इथे आहे’ म्हणून क्लिप अडीच व्होल्टच्या बिंदूला लावली, की तो बिंदू ग्राउंडशी शॉर्ट होतो आणि बफर तापायला लागतो. हीच गत गिटारच्या दोन पेडलांची होते, एकाने जॅकच्या बाहेरच्या कड्याला कृत्रिम शून्य दिलेला असेल आणि दोन्ही एकाच अ‍ॅडॉप्टरवर असतील तर. सिंगल सप्लायवर क्लिप नेहमी सप्लायच्या उण्याला लावा, स्कोपचं इनपुट डीसी अडवणाऱ्या एसी कपलिंगवर टाका, आणि ते अडीच किंवा साडेचार व्होल्ट पडद्याबाहेरच राहू द्या.